उपवासकाळातील दातृत्व आणि कारभारीपण : यवतमाळ जिल्ह्यातील मंडळीजीवनाच्या संदर्भात

प्रस्तावना

ख्रिस्ती पंचांगात पुनरुत्थान-दिनाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीचे चाळीस दिवस उपवासकाळ म्हणून पाळले जातात. ‘लेंट’ या नावानेही हा काळ मराठी ख्रिस्ती समाजात परिचित आहे. राखेच्या बुधवारी त्याचा आरंभ होतो आणि झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार असे टप्पे ओलांडीत तो ईस्टरच्या पहाटे संपतो. प्रत्यक्षात हे दिवस सेहेचाळीस भरतात; परंतु प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचे स्मरण असल्याने उपवासाच्या गणनेत धरला जात नाही. इ. स. ३२५ च्या निकिया येथील धर्मसभेच्या निर्णयांत या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो, यावरून या प्रथेचे प्राचीनत्व ध्यानात येते.

ख्रिस्ती समाजाबाहेर हा काळ मुख्यत्वे आहारावरील निर्बंधांचा समजला जातो. परंपरेने मात्र त्याची तीन अंगे सांगितली आहेत : प्रार्थना, उपवास आणि दान. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ही तिन्ही एकत्र येतात आणि तिन्हींना एकच अट घातलेली आहे, ती म्हणजे प्रदर्शनाचा अभाव. प्रस्तुत लेखात यांपैकी तिसऱ्या अंगाचा, त्यामागील ‘कारभारी’ या संकल्पनेचा आणि तिच्यामुळे सामुदायिक जीवनाला येणाऱ्या स्वरूपाचा यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे.

एपिस्कोपल परंपरा आणि यवतमाळ

‘एपिस्कोपल’ हा शब्द ‘देखरेख करणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून ‘बिशप’ या पदनामाचे मूळही तेच आहे. बिशपांच्या देखरेखीखाली चालणारी मंडळी ती एपिस्कोपल मंडळी. अमेरिकेत हे नाव १७८९ साली संघटित झालेल्या अँग्लिकन परंपरेच्या चर्चला रूढ झाले. मध्य प्रांत व वऱ्हाडात याच परंपरेचा नागपूर धर्मप्रांत विसाव्या शतकाच्या आरंभी अस्तित्वात आला व आयर चॅटर्टन हे त्याचे पहिले बिशप झाले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथेच अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरेन इत्यादी परंपरांच्या अनेक मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली.

यवतमाळ जिल्ह्यात मात्र ख्रिस्ती कार्याचा मुख्य प्रवाह याच वृक्षाच्या एका वेगळ्या फांदीतून आला. अँग्लिकन धर्मगुरू जॉन वेस्ली यांच्या चळवळीतून १७८४ साली अमेरिकेत ‘मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ स्थापन झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यातील अनेक शहरी मंडळ्यांनी उपासनागृहातील बाके भाड्याने देण्यास किंवा विकण्यास आरंभ केला. ज्याच्या गाठीला पैसा त्याला पुढचे बाक आणि गरिबाला मागचा कोपरा, अशी स्थिती निर्माण झाली. बेंजामिन टायटस रॉबर्ट्स यांनी या पद्धतीवर प्रखर टीका केली, तेव्हा त्यांना चर्चबाहेर काढण्यात आले. १८६० साली त्यांच्या अनुयायांनी ‘फ्री मेथडिस्ट चर्च’ स्थापन केले. या नावातील ‘फ्री’ या विशेषणाचा एक अर्थ गुलामगिरीला विरोध असा होता आणि दुसरा अर्थ शब्दशः ‘विनामूल्य बाके’ असा होता. रॉबर्ट्स यांनी पुढे १८८६ साली पैशाच्या प्रश्नावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे या चर्चचे दांपत्य १८८१ साली भारतात येऊन प्रथम बऱ्हाणपूर येथे राहिले. १८९० च्या दशकात यवतमाळ हे या कार्याचे केंद्र बनले. त्या वेळी हा जिल्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जात असे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाला, आणि अनाथ मुलांचे संगोपन हे येथील मिशनचे अग्रक्रमाचे काम ठरले. पुढे शाळा व उमरी येथील रुग्णालय उभे राहिले. १९५३ साली यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ साली पुण्यास स्थलांतरित होईपर्यंत तिने देशाच्या अनेक भागांतील विद्यार्थ्यांना धर्मशिक्षण दिले. उपासनेत श्रीमंत-गरीब भेद नसावा या आग्रहातून जन्मलेले चर्च देशातील अत्यंत विपन्न शेतकरी-प्रदेशांपैकी एका प्रदेशात रुजले, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

‘कारभारी’ ही संकल्पना

इंग्रजीतील ‘स्ट्यूअर्डशिप’ या शब्दासाठी मराठी बायबलने जवळ केलेला शब्द आहे ‘कारभारी’. हा शब्द मराठी मनाला परका नाही. पेशवाईतील कारभारी, वाड्यावरचा कारभारी, एवढेच नव्हे तर ग्रामीण स्त्रीने पतीसाठी योजिलेले ‘कारभारी’ हे संबोधन, या सर्वांत एक अर्थ समान आहे : व्यवहार याच्या हाती आहे, परंतु घर याच्या एकट्याचे नाही. मालक आणि कारभारी यांतील हा भेदच ख्रिस्ती दानविचाराचा पाया आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ हा मिसर देशाचा असाच कारभारी होता. सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा त्याने कोठारांत साठविला, आणि दुष्काळ पडला तेव्हा ती कोठारे उघडली. ते धान्य त्याचे नव्हते. ते जपणे आणि योग्य वेळी बाहेर काढणे एवढेच त्याचे काम होते.

ही भूमिका स्वीकारली की दानाचा अर्थ बदलतो. मालक देतो तेव्हा तो उपकार ठरतो व घेणारा मिंधा होतो. कारभारी देतो तेव्हा तो केवळ हिशेब पुरा करीत असतो. घेणाऱ्याला त्यात मान खाली घालण्याचे कारण उरत नाही. विधवेच्या दोन टोल्यांची कथाही याच दृष्टीने वाचावी लागते. तेथे रकमेचे मोजमाप दिलेल्या पैशावरून न होता मागे उरलेल्या पैशावरून होते. जॉन वेस्ली यांच्याविषयी सांगितले जाते की, तीस पौंड मिळकत असताना ते अठ्ठावीस पौंडांत निर्वाह करीत व दोन पौंड देत. मिळकत साठ, नव्वद, एकशेवीस पौंड अशी वाढत गेली तरी निर्वाहाची रक्कम अठ्ठावीसच राहिली. मिळकतीबरोबर गरजा वाढू द्यायच्या की दान, हा प्रश्न या उदाहरणातून नेमकेपणाने उभा राहतो.

विदर्भाच्या भूमीत या विचाराला समांतर धारा आढळतात. महात्मा गांधींच्या विश्वस्त-सिद्धांताची चर्चा शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दीर्घकाळ झाली. पवनारच्या विनोबा भावे यांनी १९५१ पासून भूदानात जमीनमालकाकडे भीक मागितली नाही; घरातला आणखी एक मुलगा समजून त्याचा वाटा मागितला. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःसाठी गाडगे व गोधडी यांपलीकडे काही ठेवले नाही. धर्मविचार भिन्न असले तरी हाती आलेले धन आपले नव्हे, ही जाणीव या सर्वांत समान आहे.

उपवासातून दानाकडे

उपवास आणि दान यांचा संबंध केवळ भावनिक नाही. त्यामागे एक साधी व्यवस्था आहे. पाचव्या शतकातील रोमचे बिशप थोर लिओ यांनी आपल्या उपवासकाळातील प्रवचनांत वारंवार असे प्रतिपादन केले की, आपण जे अन्न टाळतो ते गरिबाच्या ताटात गेले पाहिजे. अन्यथा उपवास ही केवळ काटकसर ठरेल. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात तर अन्नत्यागापेक्षा जुलमाच्या बेड्या तोडणे व भुकेल्याला अन्न देणे हाच खरा उपवास मानला आहे. अमेरिकेतील अनेक एपिस्कोपल मंडळ्यांत मुलांना या काळात पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्या दिल्या जातात व ईस्टरला त्या जमा केल्या जातात. भारतात कॅथलिक समाजाची कारितास इंडिया ही संस्था दरवर्षी उपवासकाळात भूक व रोग यांविरुद्ध निधी गोळा करते. मिझोराममधील ख्रिस्ती घरांत प्रत्येक वेळच्या स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढण्याची प्रथा वर्षभर चालते व तिच्यातून मंडळीला मोठे उत्पन्न मिळते.

मराठी मंडळ्यांतही दानाची स्वतःची रीत आहे. रविवारचे दानार्पण आणि दशमांश यांशिवाय हंगामाच्या सणाला धान्य, भाजीपाला, फळे, कोंबड्या अशा वस्तू वेदीपुढे आणल्या जातात व उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. रोख पैसा हाती नसलेल्या कुटुंबालाही या रीतीमुळे देणाऱ्यांच्या पंक्तीत बसता येते. खळ्यावर रास झाली की बलुतेदारांचा वाटा आधी काढणाऱ्या ग्रामव्यवस्थेला ही रीत अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते. एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. बलुत्याच्या वाट्याला जातीच्या उतरंडीची चौकट होती. मंडळीतील दानाने ती चौकट मोडावी, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा सर्वत्र पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही. तरीही बाकाचे भाडे नाकारणाऱ्या परंपरेत तिचा विसर पडणे विशेष विसंगत ठरते.

उपवासकाळाचा दुसरा परिणाम सामुदायिक आहे. घरोघरच्या प्रार्थनासभा, भजने, आजाऱ्यांच्या भेटी आणि उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर होणारे चिंतन यांमुळे एरवी केवळ रविवारी भेटणारी माणसे एकमेकांच्या घरी जातात. कोणाच्या घरात आजारपण आहे, कोणाच्या मुलाची फी राहिली आहे, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून दानाला दिशा देण्याचे काम या भेटी करतात.

कापसाचा हंगाम आणि उपवासकाळ

राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च या मर्यादेत आणि ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत येतो. यवतमाळ जिल्ह्यात याच सुमारास कापसाची वेचणी आटोपत आलेली असते, तूर घरात आलेली असते, आणि सोसायटी, बँक, सावकार यांच्या देण्यांचा मार्चअखेरचा तगादा सुरू असतो. म्हणजे उपवासकाळ येथे शेतकऱ्याच्या वर्षाच्या हिशेबाशी जुळून येतो.

या योगायोगाला एक दुःखद परिमाणही आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे, त्यांच्या पत्नी व चार मुले यांचा १९ मार्च १९८६ रोजी अंत झाला. ही महाराष्ट्रातील जाहीर नोंद झालेली पहिली शेतकरी-आत्महत्या मानली जाते. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या आवाहनानुसार अनेक जण त्या दिवशी अन्नत्याग करतात. वर दिलेल्या मर्यादा पाहिल्या असता १९ मार्च हा दिवस कोणत्याही वर्षी उपवासकाळाबाहेर पडत नाही, हे स्पष्ट होते. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. शासकीय मदतीची जागा मंडळी घेऊ शकत नाही आणि तिने तसा आव आणू नये. परंतु कर्जबाजारी माणूस लोकलाजेने घरात कोंडून घेतो, तेव्हा त्याच्या दारी जाणारे कोणी असणे ही गोष्ट कोणत्याही योजनेत बसत नाही. ती शेजाऱ्यांच्या कक्षेतली आहे. आणि तो शेजारी मंडळीचा सभासद असावा अशी अट यशयाच्या उपवासात नाही.

वारसा आणि उत्तरदायित्व

कारभारीपणाचा प्रश्न व्यक्तीइतकाच संस्थेलाही लागू होतो. मिशनकाळात शाळा, दवाखाने, पाळकांचे वेतन यांचा भार परदेशी मंडळ्यांच्या दानावर होता. त्यातून मोठे कार्य उभे राहिले. त्याचबरोबर मिशन म्हणजे मायबाप ही वृत्तीही बळावली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यामागे या परावलंबनाविषयीची अस्वस्थता होती. विदेशी देणग्यांवर १९७६ व २०१० च्या कायद्यांनी नियंत्रणे आणली, २०२० च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली, आणि स्थानिक दानाचे महत्त्व आपोआप वाढले.

अशा स्थितीत मिशनकडून आलेल्या जमिनी, इमारती व संस्था यांचा विनियोग हाच मंडळीच्या कारभारीपणाचा खरा कस ठरतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करणे बंधनकारक आहे. पण त्याहून जुना दंडक पौलाने घालून दिला आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी मासेदोनियातील गरीब मंडळ्यांनी दिलेला निधी नेताना त्याने एकट्याने ती जबाबदारी घेतली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, कारण व्यवहार देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही निर्दोष दिसावा असा त्याचा आग्रह होता. दान देणारा गरीब असेल तर हिशेबाची जबाबदारी अधिकच वाढते. दोन टोल्यांचा हिशेब मोठ्या देणगीच्या हिशेबाइतकाच काटेकोर असावा लागतो.

समारोप

उपवासकाळातील दातृत्व हे मोसमी औदार्य नव्हे, तर वार्षिक हिशेबाची तपासणी आहे. ‘किती दिले’ या प्रश्नाऐवजी ‘जे आहे ते कोणासाठी राखले आहे’ हा प्रश्न त्यात केंद्रस्थानी येतो. यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न दोन बाजूंनी विचारला जातो : एकीकडे पूर्वसूरींनी सोपविलेल्या संस्थांच्या विश्वस्तांना, आणि दुसरीकडे मार्चअखेरच्या तगाद्याने खचलेल्या शेतकऱ्याच्या प्रत्येक शेजाऱ्याला. विनामूल्य बाकांच्या आग्रहातून जन्मलेल्या परंपरेने त्याचे उत्तर उपासनागृहाच्या आत दीडशे वर्षांपूर्वीच दिले आहे. ते उत्तर उपासनागृहाच्या दाराबाहेर कितपत पोहोचते, यावरच तिच्या कारभारीपणाची पारख होणार आहे.