जंगलातला शिकाऊ उमेदवार

आमच्या चंद्रपुरात एका पिढीने 'अप्रेंटिस' हा शब्द मोठ्या आदराने उच्चारला. "पोराला थर्मलमध्ये अप्रेंटिस लागली" असे सांगताना बापाचा आवाज थोडा वर चढायचा. मुलाने आयटीआयमधून फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडावे, दुर्गापूरचे वीज केंद्र, वेकोलिच्या खाणी, भद्रावतीची आयुध निर्माणी किंवा बल्लारपूरची पेपर मिल इथे कुठेतरी उमेदवारी करावी आणि मग तिथेच चिकटावे, हा ठरलेला रस्ता. (चिकटवून घेण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही, हे बापांना सहसा ठाऊक नसे.)

हा रस्ता 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आखला. तो काळ कारखान्यांचा. त्यामुळे व्यवसायांची यादीही बरीचशी लेथ, वीज आणि यंत्रदुरुस्ती यांभोवती फिरत राहिली. 2014 साली कायदा दुरुस्त झाला आणि यादीबाहेरचे व्यवसाय शिकवण्याचीही मुभा मिळाली. 2016 च्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना 1500 रुपयांपर्यंत, केंद्राने उचलला. दुकाने, हॉटेले, बँका यांची दारे उमेदवारांना उघडली. चांगलेच झाले. पण हे शहरातले धंदे. आमच्या जंगलाचे काय?

बांबूचेच घ्या. बल्लारपूरच्या मिलने वर्षानुवर्षे इथल्या बांबूचा कागद केला. मिलमध्ये यंत्र दुरुस्त करायला शिकणारा तो उमेदवार आणि जंगलात बांबू तोडणारा तो मजूर! वास्तविक बांबूतोड हे शिकण्याचे काम आहे. कोवळी काठी राखायची, जुनी निवडायची, जमिनीलगतचे पेर पाहून त्याच्या वर घाव घालायचा. आडदांड तोड झाली की सगळे बेट खुरटते. बुरुडाच्या घरी बापाशेजारी बसून पोर कमट्या काढायला शिकते, तीही उमेदवारीच. फक्त तिला विद्यावेतन नाही, परीक्षा नाही, दाखला नाही. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण वर्गातले प्रशिक्षण वेगळे आणि धंद्यात राहून, चार पैसे मिळवत, गिऱ्हाइकाची बोलणी खात शिकणे वेगळे. जर्मनीत जंगलकामगार हा 3 वर्षांच्या उमेदवारीचा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. लागवड, विरळणी, तोड हे सारे तिथला मुलगा मालकाकडे काम करत आणि जोडीने शाळेत जाऊन शिकतो.

गडचिरोलीत तर मालकच बदलला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 साली स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकण्याचा अधिकार. पुढे इतर ग्रामसभाही या वाटेने गेल्या. आता मोजणी, लिलाव, पास, मजुरीचा हिशेब, कर हे सगळे गावाच्या अंगावर आले. ते शिकलेली माणसे हवीत, आणि ती गावातलीच हवीत. नाहीतर जुना ठेकेदार नव्या नावाने परत येईल. कायदा मात्र आस्थापनेची भाषा बोलतो: 30 किंवा अधिक माणसे असतील तर उमेदवार घेणे सक्तीचे, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. यात ग्रामसभा कुठल्या रकान्यात बसवायची? माझे म्हणणे असे की तिला सरळ आस्थापना माना, अनुभवी बुरुडाला प्रशिक्षक माना आणि तिथले विद्यावेतन पूर्ण सरकारने द्या. जिल्हाभर 50 उमेदवारांपासून सुरुवात झाली तरी चालेल.

एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे काम 2021 पासून जोरात आहे. खाणीला कायदा थेट लागू होतो, तिथे अडचण कलमांची नाही. तिथे विचारायचे ते एवढेच की उमेदवारांत एटापल्ली-भामरागडची मुले किती आणि त्यांतली किती ठेकेदाराकडे रोजंदारीवर न जाता कारागीर झाली.

शिवाय राहण्याचा प्रश्न आहे. 2019 च्या नियमांनी शिक्षणानुसार महिना किमान 5000 ते 9000 रुपये विद्यावेतन ठरवले. भामरागडच्या मुलाने चंद्रपुरात खोली आणि खाणावळ यांचे पैसे भरले की हातात काय उरणार? आणि मुलगी असेल तर तिचे आईवडील कुठला व्यवसाय हे नंतर विचारतात, वसतिगृह आहे का हे आधी.