ओटीपोटातली कळ

आमच्या नाचणगावात पोटाच्या दुखण्याला शब्दांची वाण नाही. मुरडा येतो, वायगोळा उठतो, गुबारा धरतो, बेंबी सरकते, कळ निघते. प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा उपायही ठरलेला : ओवा चावायचा, बेंबीला हिंग लावायचा, पालथे निजायचे. मात्र हेच दुखणे बेंबीखाली उतरले आणि दुखणाईत बाई असली, की सारे शब्द एकाएकी संपतात. "तिचं ते असन," एवढे बोलून घर मोकळे होते.

वार्षिकात कथा-कविता सोडून हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचण्यापुरता. परंतु गेल्या हिवाळ्यात माझ्या चुलत वहिनींवर जो प्रसंग गुदरला त्यानंतर मी डॉक्टरबाईंना खोदून खोदून विचारले, मिळाले ते वाचले. आपल्या वर्गांतील निम्म्या मुलींना आणि उरलेल्यांच्या बहिणींना ते ठाऊक असावे म्हणून हा खटाटोप.

गर्भाशयाच्या दोन बाजूंना टरफलासकट बदामाएवढी दोन अंडाशये असतात. दर महिन्याला त्यांपैकी एकात पाण्याचा बारीकसा फुगा तयार होतो आणि त्यात स्त्रीबीज वाढते. फुगा साधारण २ सेंटिमीटरचा झाला की फुटतो व बीज बाहेर पडते. म्हणजे 'फुटणे' ही येथे नित्याची गोष्ट आहे. काही मुलींना पाळीच्या दोनेक आठवडे आधी एका कुशीला चमक येते, ती याचीच. तिला भिण्याचे कारण नाही. बीज गेल्यावर मागे राहिलेल्या जागेचा पिवळसर गोळा बनतो. त्याला पीतपिंड म्हणतात. गर्भ राहिला नाही तर तोही विरून जातो आणि पाळी येते.

कधी कधी हा क्रम चुकतो. फुगा वेळेवर फुटत नाही, वाढतच राहतो. किंवा पीतपिंडातच पाणी अथवा रक्त साठते. हीच ती गाठ. दवाखान्यात तिला 'सिस्ट' म्हणतात. गाठ म्हटले की आपल्याकडे लोकांना एकच रोग आठवतो आणि घरात रडारड सुरू होते. वस्तुतः तरुण वयातल्या अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात. कित्येकींना त्या होऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. याखेरीज वेगळ्या जातीच्या गाठी आहेतच. एका जातीत तर चरबी, केस आणि क्वचित दातसुद्धा सापडतात! पूर्वी असले काही पोटातून निघाले असते तर गावात काय काय उठले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

आता मुख्य गोष्ट. गाठ फुटून नुसते पाणी सांडले तर एकदम कळ येते, काही तास ती छळते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. पाणी शरीर शोषून घेते. वेदनाशामक गोळी आणि विश्रांती एवढेच पुष्कळ. परंतु फुटताना गाठीच्या भिंतीतील रक्तवाहिनी फाटली आणि वाहतच राहिली, तर रक्त पोटाच्या पोकळीत साठू लागते. येथेच सगळी फसगत आहे. अंगावरून एक थेंबही जात नाही, कपड्यावर डाग नाही, जखम नाही. आपण रक्त पाहिल्याशिवाय घाबरत नाही, आणि हे रक्त दिसतच नाही.

दुसरी फसगत वेळेची. पीतपिंडाची गाठ बहुधा पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत फुटते. पाळी जवळ आलेली, ओटीपोट दुखते आहे. मग कोणाला शंका येणार? पण पाळीचे दुखणे आणि हे दुखणे यांत एक फरक डॉक्टरबाईंनी मला फार छान समजावला. पाळीचे दुखणे चढत जाते, दोन्ही बाजूंना, कंबरेत, मांड्यांत पसरते, आणि दर महिन्याचे असल्याने ओळखीचे असते. गाठ फुटल्याची कळ एका क्षणी येते. "कधीपासून दुखते?" असे विचारले तर बाई नेमके सांगू शकते : बादली उचलत होते तेव्हा, पायरी उतरले तेव्हा. आरंभी ती एकाच बाजूला असते, पुष्कळदा उजव्या. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याची गादी असल्याने त्या अंडाशयाला धक्का कमी बसतो, असे त्याचे कारण सांगतात. जड उचलणे, पडणे, पोटाला मार लागणे किंवा पतिपत्नीसंबंध यांनंतर ती येते. कधी काहीच कारण नसतानाही येते.

वहिनी कापूस वेचायला गेल्या होत्या. दुपारी गाठोडे डोक्यावर घेताना उजव्या कुशीत सुरी खुपसल्यासारखे झाले, असे त्या नंतर म्हणाल्या. घरी येऊन आडव्या झाल्या. एका खाजगी दवाखान्यात गॅसचे इंजेक्शन मिळाले. दोनदा उलटी झाली. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "खांदा दुखून राहिला माझा." काकू म्हणाल्या, "गाठोडं उचललं ना, त्यानं दुखत असन." सगळ्यांना ते पटले. पटण्यासारखेच होते. पण डोक्यावरचे गाठोडे खांद्याच्या टोकाला कशाला दुखवील? पोटात साठलेले रक्त छाती आणि पोट यांमधल्या पडद्यापर्यंत पोचले की त्या पडद्याची नस खांद्याकडे दुखणे पाठवते. दुखणे एकीकडे आणि त्याची खबर भलतीकडे. ओटीपोटात कळ आलेल्या बाईने आडवे झाल्यावर खांद्याचे टोक दुखते म्हटले, तर त्या एका वाक्यावर गाडी बोलवावी.

रात्री लघवीला उठताना वहिनी दारातच कोसळल्या. हातपाय गार, कपाळावर घाम, ओठ पांढरे. शेजारच्या आशाताईंनी नाडी पाहिली, ती भरभर चालत होती. त्यांनीच १०८ ला फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या की तरुण शरीर फसवे असते. रक्त जात असताना ते नाडी वाढवून बराच वेळ तग धरते, चेहरा बरा दिसतो, बोलणे नीट असते आणि मग एकदम खचते. त्यामुळे बसल्यावर किंवा उठल्यावर भोवळ येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तहान लागणे, श्वास जलद होणे, पोट फुगून कडक होणे या गोष्टी दुखण्याच्या जोरापेक्षा महत्त्वाच्या. एखादीची कळ थोडी कमी झाली आणि भोवळ मात्र वाढली, तर ती बरी होत नाही हे उघड आहे. ताप आला, उलट्या थांबेनात किंवा अंगावरून फार जाऊ लागले, तरी सकाळची वाट पाहू नये. ज्यांना रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत किंवा रक्त लवकर न थांबण्याचा विकार आहे, त्यांच्या बाबतीत तर साध्या गाठीचाही धोका वाढतो. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही जड जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे येथे आठवावे.

अशी कळ फक्त गाठीचीच असते असे नाही. आंत्रपुच्छाचे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकते आणि अन्नावरची वासना जाते. मुतखड्याचा रोगी लोळण घेतो, त्याला एका जागी चैन पडत नाही. पोटात रक्त सांडलेली बाई उलट निश्चल पडून राहते, कारण हालले की दुखते. गाडीच्या एका गचक्यालाही ती कळवळते. गाठ न फुटता अंडाशयालाच पीळ पडला तर कळ येते-जाते, सोबत मळमळ फार, आणि काही तासांत पीळ सोडवला नाही तर अंडाशय मरते. सर्वांत घातक म्हणजे गर्भ गर्भाशयात न रुजता नळीत रुजणे आणि नळी फुटणे. लक्षणे जवळजवळ हीच. पाळी चुकलेली असते किंवा थोडासाच डाग लागलेला असतो. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्णही पुष्कळ. त्यांचे पोट दुखले की "नेहमीचाच झटका" म्हणून सोडून देण्याची सवय पडते. यांतले कोणते दुखणे ते घरी बसून ठरवायचे नसतेच. दवाखान्यात जायचे, हे मात्र घरीच ठरवावे लागते.

आणि तेथे गेल्यावर पहिलाच प्रश्न येतो : पाळी कधी आली होती? दुसरी गोष्ट, लघवीची गर्भतपासणी. अविवाहित मुलीबरोबर वडील किंवा भाऊ आलेला असला की या दोन गोष्टींवरून वादळ उठते. मुलगी मान खाली घालते, आई तिच्या वतीने उत्तर देते, भाऊ डॉक्टरांवर भडकतो. ही तपासणी चारित्र्याची नसते. नळीतला गर्भ वगळल्याशिवाय पुढचा उपचार ठरत नाही, म्हणून ती पाळी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची करतात. उलट बाजूची गंमतही इतिहासात आहे. १८०९ साली अमेरिकेत केंटकी येथे जेन टॉड क्रॉफर्ड या बाईला जुळे आहे असे डॉक्टरांना वाटले; निघाली ती अंडाशयाची प्रचंड गाठ. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. तशाच स्थितीत एफ्राइम मॅकडॉवेल या शल्यविशारदाने ती काढली आणि बाई पुढे तीस वर्षांहून अधिक जगली.

न बोलण्याच्या या रोगाचा हिशेब आपल्याकडेच मांडला गेला आहे. वर्ध्याचे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरातील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या शंभरातील अवघ्या ८. त्या दोन गावांत फुटलेल्या गाठी शोधत कोणी गेले नव्हते. पण आमच्या घरी त्या दिवशी दुपार ते मध्यरात्र जो वेळ गेला, तो कशात गेला हे मला ते आकडे वाचून कळले.

नाचणगावहून जाण्याची वाट अवघड नाही. पुलगाव लागूनच आहे, तेथे ग्रामीण रुग्णालय आहे. पुढे वर्धा तीसेक किलोमीटर, आणि त्यापलीकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड दिली. १०८ ची गाडी पैसे घेत नाही. आमच्याकडे मात्र दुखणाईत बाईला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेण्याची रीत आहे. भोवळ येणाऱ्या बाईला असे बसवू नये, आडवे निजवूनच न्यावे. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असतो, म्हणून वाटेत चहा-पाणी पाजू नये. आपल्या लोकांना हे सांगणे सर्वांत कठीण. पोट शेकत वेळ घालवू नये. आणि डॉक्टरांना नुसते "पोट दुखते" न म्हणता कळ कोणत्या क्षणी, कोणत्या बाजूला आली, पाळीची तारीख काय, खांदा दुखला का, भोवळ आली का, हे सांगावे.

तेथे सोनोग्राफी करतात. पोटात रक्त किती आहे हे तीत दिसते. रक्ताचे प्रमाण आणि नाडी स्थिर असेल तर काही तास नजरेखाली ठेवून, पुन्हा रक्त तपासून घरी पाठवतात. बहुतेकींच्या बाबतीत एवढ्यावरच भागते. रक्तस्राव थांबत नसेल तर शस्त्रक्रिया करतात, हल्ली बहुधा दुर्बिणीतून, आणि शक्य तोवर अंडाशय राखतात. वहिनींना दोन बाटल्या रक्त लागले, दुर्बिणीचे ऑपरेशन झाले, अंडाशय राहिले. तरीही नातेवाइकांत "आता मूल होईल का?" अशी कुजबुज व्हायची ती झालीच. एक अंडाशय काढावे लागले तरी दुसऱ्यावर पाळी चालते आणि मूल होते.

सहा ते आठ आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करायची असते. बरे वाटू लागले की ती हमखास राहून जाते. वारंवार अशा गाठी होणाऱ्यांना डॉक्टर काही महिने गर्भनिरोधक गोळ्या देतात. त्यांनी बीज सुटणेच थांबते, म्हणून नवी गाठ सहसा होत नाही. झालेली गाठ मात्र त्यांनी जिरत नाही. अविवाहित मुलीच्या चिठ्ठीवर ही गोळी दिसली की घरात गहजब होतो, औषधाच्या दुकानातही भुवया वर जातात. पाळीच्या अनेक तक्रारींवर डॉक्टर तीच गोळी देतात.