निमाडच्या काळ्या मातीतला हिशेब

खानदेशातून सातपुडा ओलांडला की निमाड लागतो. माती ओळखीचीच, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात पायाला चिकटणारी काळी. पिकेही तीच. इथे, मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, २००७ साली एका स्विस संशोधन संस्थेने स्थानिक ‘बायोरे’ संस्थेबरोबर दीर्घकालीन प्रयोग मांडला. शेजारीशेजारी चार पद्धती: सेंद्रिय, बायोडायनॅमिक, रासायनिक आणि बीटी कापसासह रासायनिक.

सेंद्रिय शेतीचा हवामानाशी संबंध येतो तो मुख्यतः नत्रामुळे. युरिया बनवायला नैसर्गिक वायू वापरावा लागतो. युरिया शेतात पडला की मातीतले जिवाणू त्यातल्या काही नत्राचा नायट्रस ऑक्साइड करतात आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो. शेणखतातूनही तो सुटतो, हे सेंद्रियवाले सहसा बोलत नाहीत. शिवाय उत्पादन घटले, तर तेवढ्याच धान्याला जास्त जमीन लागते. म्हणून प्रश्न येऊन ठेपतो उताऱ्यावर.

पहिल्या दोन वर्षांत निमाडातला सेंद्रिय कापूस रासायनिकपेक्षा २९ टक्के कमी भरला, गहू २७ टक्के. २००९-१० मध्ये मात्र दोन्ही पिके बरोबरीला आली. सेंद्रियने फार मोठी झेप घेतली असे नाही. रासायनिक शेतांचाच उतारा खाली आला होता. स्वतःचे नत्र स्वतः मिळवणारे सोयाबीन थोडेसेच मागे राहिले, आधी १ टक्का, नंतर ११.

खरी उलथापालथ झाली ती पैशांत. आधी रासायनिक शेतीत २९ टक्के जास्त पैसे सुटत होते, २००९-१० मध्ये सेंद्रिय शेतीत २५ टक्के जास्त सुटले, कारण खर्चच कमी. पावसाचा भरवसा उरलेला नसताना हे महत्त्वाचे. पीक बुडाले तरी डोक्यावर राहणारे कर्ज लहान असते.

हा बदल घाईने केला की काय होते, ते श्रीलंकेत दिसले. तिथल्या सरकारने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भाताचे पीक घसरले, चहाला फटका बसला आणि नोव्हेंबरात माघार घ्यावी लागली. मातीला आणि शेतकऱ्याला सवड मिळालीच नव्हती.

भारतात हंगामी पिकांना सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी साधारण दोन वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. त्या काळात खते सेंद्रियच घालायची, पण माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. निमाडात उतारा सर्वात जास्त घटला, तोही पहिल्या दोन वर्षांतच. ही तूट आज शेतकरी स्वतःच्या खिशातून भरतो.