खातेवही कुणी पाहावी?

आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. वीजबिल थकलंय, आज रात्री मीटर बंद होईल, असा निरोप मोबाइलवर आला होता. त्यात दिलेल्या वेबसाइटवर त्यांनी कार्डाचा नंबर भरला आणि ४१ हजार रुपये गेले. १९३० या क्रमांकावर तक्रार त्यांनी स्वतःच नोंदवली होती. माझ्याकडून त्यांना एवढंच हवं होतं : "अहो, तुम्ही बँकेत होतात ना. ती वेबसाइट कुणाच्या नावावर आहे, ते तरी बघा."

बघितलं. वेबसाइटच्या नावांचीही नोंदवही असते, आपल्या सात-बारासारखी. नाव कुठल्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीकडून घेतलं, कधी घेतलं, मुदत केव्हा संपते, हे दिसलं. घेऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते. मालकाच्या रकान्यात मात्र 'गोपनीयतेसाठी झाकले आहे' अशा अर्थाचे शब्द. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "म्हणजे चोराची गोपनीयता?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण याच वहीची दुसरी बाजू मी भोगलेली आहे.

२०१२ साली भाच्याने माझ्या नावाची वेबसाइट काढून दिली. फॉर्म त्यानेच भरला, घरचा पत्ता आणि लँडलाइनच्या नंबरासकट. तेव्हा ही वही सताड उघडी होती. जगातल्या कुणीही यावं आणि वाचावं. पंधरवड्यात परदेशातून एक कागद आला, हुबेहूब बिलासारखा : नावाची मुदत संपते आहे, डॉलर पाठवा. मुदत संपायला तब्बल अकरा महिने होते. उमेदीची वर्षं बिलं तपासण्यात घालवली, म्हणून मी वाचलो. पण त्याच हिवाळ्यात माझ्या कादंबरीतल्या एका पात्रावर चिडलेला एक वाचक रात्री अकराला फोन करू लागला. फोन सासऱ्यांच्या नावावर, तेव्हा डिरेक्टरीतून तो सापडणं शक्य नव्हतं. एकदा सौ.ने उचलला तर म्हणाला, "तुमची इमारत बघून आलो." त्यानंतर तो फोन आम्ही काढूनच टाकला.

वही उघडी होती, याला कारण आहे. १९८२ मध्ये ती पद्धत सुरू झाली तेव्हा अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं, संशोधनसंस्था आणि लष्करी कचेऱ्या होत्या. कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट नोंदी ठेवी. कुठल्या यंत्रामागे कोण माणूस आहे, हे एकमेकांना कळावं, इतकंच. नावही 'हू इज'. चाळीच्या जिन्याशी लावलेल्या भाडेकरूंच्या पाटीइतकी ती निरागस होती. पुढे चाळीचं महानगर झालं, नावं ३५ कोटींच्या वर गेली, तरी पाटी तशीच.

नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेच्याच तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये सांगितलं होतं, ही पद्धत मोडीत काढा. ते तसंच राहिलं. मग २५ मे २०१८ रोजी युरोपचा खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा लागू झाला, जबर दंडासह, आणि त्याआधी जेमतेम आठ दिवस आयकॅनने घाईघाईने तात्पुरता नियम केला : माणसांची नावं, पत्ते, फोन झाका. सताड उघडं दार धाडकन बंद झालं. रास्त कारण असलेल्याला माहिती द्यावी, असं त्यात होतं. पण कारण रास्त की नाही, हे ठरवणार रजिस्ट्रार. नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्जांसाठी एक सामाईक खिडकी प्रयोग म्हणून उघडली, तीत सामील होणंही रजिस्ट्रारच्या खुशीवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवं धोरण प्रसिद्ध झालं, ते जिवाला धोका असताना किती वेळात उत्तर द्यायचं, हा मुद्दा बाजूला ठेवून!

बँकेतल्या माणसाला हा पेच नवा नाही. रुजू होताना आम्ही गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायचो. गिऱ्हाइकाच्या खात्यात किती आहेत, हे त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायचं नाही. पण रीतसर पत्र किंवा कोर्टाचा हुकूम आला, की त्यावर आवक क्रमांक पडे, मॅनेजर ते दोनदा वाचत आणि खात्याचा उतारा जाई. कुणी मागितलं, का मागितलं, कुणी दिलं, हे कागदावर राही. युरोपच्याच २०२२ च्या सायबर सुरक्षेच्या निर्देशात मला ही जुनी रीत ओळखू आली : मालकाची माहिती पडताळा, संस्थांच्या नोंदी उघड्या ठेवा, माणसांच्या झाका, आणि रास्त अर्ज आला तर ७२ तासांत उत्तर द्या. माझं मत विचाराल तर हेच सगळीकडे व्हावं, आणि पडताळणी आधी. वही उघडी होती तेव्हाही ठक खोटीच नावं लिहीत. आमच्याकडेही खातं उघडताना 'ओळख' देणारे काही महाभाग कधी न पाहिलेल्या माणसासाठी सही ठोकत.

बँकांपुरता आपल्याकडे एक उपाय झाला. रिझर्व्ह बँकेने त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' असं शेपूट असलेल्या नावांवर जायला सांगितलं. ते शेपूट ठकाला मिळत नाही. बाईंचं बिल विजेचं होतं.

त्यांच्या वतीने मी रजिस्ट्रारला अर्ज लिहिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, कोर्टाचा हुकूम आणा. तोवर ती वेबसाइटच नाहीशी झाली होती. बाई जिन्यात भेटल्या की अजून विचारतात, "नाव कळलं का हो त्याचं?"

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. माझ्या वेबसाइटची मुदत वाढवायची होती. "मामा, नाव-पत्ता झाकलेलाच ठेवू ना?"

मी हो म्हणालो.