पाळीपूर्वीची उदासी : आठवण आणि नोंद

“पाळी जवळ आली की आमची मुलगी रडते, कोणाशी बोलत नाही,” असे पालक भेटीच्या दिवशी हलक्या आवाजात सांगतात. त्यावर कोणी ‘नखरे’ म्हणून हसते. कोणी तिच्या रास्त रागालाही ‘दिवस जवळ आले असतील’ असे म्हणून मोकळे होते. दोहोंत तिचे ऐकून घेणे मात्र राहूनच जाते.

पाळीपूर्वीच्या ताणाचे वर्णन अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली केले. त्याच्या तीव्र रूपाला आज ‘पीएमडीडी’ म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये त्याला नैराश्यविकारांत स्वतंत्र स्थान दिले. रक्ताच्या तपासणीत हा विकार दिसत नाही. संप्रेरकांचे प्रमाण बहुधा सर्वसाधारणच असते. त्यांच्या चढउतारास काहींचा मेंदू अधिक संवेदनशील असतो, एवढेच. रक्तक्षय व थायरॉइडची तपासणी होते, ती अन्य कारणे वगळण्यासाठी.

मग ओळखावे कसे? आठवणीवरून नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाला समकालीन नोंद आणि मागाहून सांगितलेली आठवण यांतील अंतर ठाऊक असते. पाळीआधीचे वाईट दिवस ध्यानात राहतात, एरवीचे विसरले जातात. म्हणून किमान दोन पाळीचक्रे रोज रात्री वहीत लिहावे : उदासी, चिडचिड, धास्ती, झोप, अभ्यासातील लक्ष, प्रत्येकाला एक ते सहा गुण. रक्तस्रावाची तारीख मांडावी. किशोरवयात पाळी अनियमित असते, तेव्हा अंदाजाने दिवस मोजण्यात अर्थ नाही.

वही भरली की पाळी संपल्यानंतरचा आठवडा पाहावा. त्रास आधीच्या आठवड्यात वाढून, स्राव सुरू झाल्यावर थोड्या दिवसांत ओसरत असेल आणि हा आठवडा जवळजवळ निरभ्र असेल, तर संबंध पाळीशी आहे. उदासी महिनाभर असून तेव्हा केवळ वाढत असेल, तर मूळ दुखणे नैराश्याचे वा चिंतेचे असू शकते आणि उपचारांची दिशा बदलते. पीएमडीडीच्या निदानासाठी किमान पाच लक्षणे आणि शिक्षण, काम वा नात्यांत खरा अडथळा आवश्यक असतो. तो निर्णय डॉक्टरांचा.

वही मुलीची आहे. तिच्या संमतीवाचून आईनेही ती उघडू नये, गृहपालांनी तर नाहीच.

जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर मात्र दोन महिन्यांच्या नोंदीची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, तिला एकटे सोडू नये. शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.