किनाऱ्यावरचा मुक्काम

उघड्या आभाळाखाली रात्र काढणे ही महाराष्ट्रीय माणसाला नवी गोष्ट नव्हे. आषाढी वारीस निघालेले वारकरी वाटेवरच्या माळांवर राहुट्या ठोकतात आणि चंद्रभागेच्या वाळवंटाचा त्यांना घरच्या अंगणाइतका लळा असतो. अलीकडच्या काळात या जुन्या मुक्कामाला एक नवे भावंड मिळाले आहे. सुटी लागली की तंबू पाठीशी बांधून समुद्रकाठी रात्र घालविण्यास जाणारी तरुण मंडळी आता सर्वत्र दिसतात. किनारा हा कोणा एकाच्या मालकीचा नसतो, तेव्हा तेथे पथारी पसरण्यास कोणाला कशाला विचारावयाचे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जे सर्वांचे असते तेथे राहण्याचा प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो. चेन्नईचा मरीना किनारा त्याची उत्तम साक्ष देतो.

मरीनाशी मराठी माणसाचे एक दूरचे नाते आहे. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट आणि १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासाचा कर्ता जेम्स ग्रँट डफ याने आपल्या मुलास मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. हाच मुलगा पुढे १८८१ ते १८८६ या काळात मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याने समुद्रकाठी लोकांना फिरावयास प्रशस्त रस्ता बांधविला आणि सिसिलीतील एका किनाऱ्याच्या आठवणीने त्याचे नाव मरीना ठेविले. पुढे याच वाळूवर स्वातंत्र्यलढ्याच्या सभा भरत आणि तेथील एक जागा टिळक घाट या नावाने ओळखली जाऊ लागली.

ती वाळू तरी कोठून आली? १८७६ च्या सुमारास मद्रास बंदराचे धक्के समुद्रात बांधण्यास आरंभ झाला. या पूर्व किनाऱ्यावर वर्षातील बहुतेक काळ लाटा वाळूला दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहून नेत असतात. धक्क्यांनी ही वाट अडविली. मग दक्षिणेस वाळू साचत गेली आणि मरीना वर्षानुवर्षे रुंदावला, तर उत्तरेस रायपुरमच्या बाजूला वाळूचा पुरवठा तुटून समुद्र जमीन खाऊ लागला. ज्या वाळूवर शहर संध्याकाळी वाऱ्यास बसते, ती दुसऱ्या एका वस्तीच्या पायाखालून गेलेली आहे.

या किनाऱ्याचा पहिला धनी समुद्र होय, आणि तो कोकणच्या समुद्रासारखा नाही. मुंबईस मोठ्या भरतीओहोटीच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. चेन्नईस हा फरक साधारण एक मीटरच असतो. म्हणून नवख्यास वाटते की पाणी आहे तेथेच राहील. परंतु येथील लाट किनाऱ्याशीच जोराने फुटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. बंदर होण्यापूर्वी जहाजावरून उतरणाऱ्यांना या लाटांतून आणण्यासाठी खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेल्या मसुला होड्या वापरीत, कारण ताठर होडी त्या माऱ्यात टिकत नसे. मरीनावर पोहण्यास मनाई आहे ती याच कारणाने. ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील मोठ्या पावसाचा आणि चक्रीवादळांचा हंगाम. आणि २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी, आभाळ निरभ्र असताना, सुनामीच्या लाटा या वाळूवर चालून आल्या, तेव्हा खेळावयास व फिरावयास आलेली माणसे त्यांत सापडली.

दुसरा धनी रात्रीच येतो. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या अंधारात वाळूवर चढतात, मागच्या पायांनी खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. सुमारे दीड महिन्याने पिल्ले बाहेर पडतात व क्षितिजावर जेथे अधिक उजेड दिसेल तिकडे धावतात. पूर्वी असा उजेड समुद्रावरच असे. आता तो रस्त्यावरच्या दिव्यांत असतो, म्हणून पिल्ले पाण्याऐवजी शहराकडे वळतात आणि मरतात. तंबूसमोरचा कंदील किंवा शेकोटीदेखील त्यांना तशीच फसविते. चेन्नईतील विद्यार्थ्यांची एक संस्था १९८८ पासून हंगामात नीलांकरै ते बेसंटनगर हा किनारा रात्री पायी तुडविते, अंडी सुरक्षित जागी हलविते आणि पिल्ले समुद्रात सोडते. तरीही २०२५ च्या जानेवारीत शेकडो मेलेली कासवे या किनाऱ्यावर वाहून आली. समुद्रातच मासेमारीच्या मोठ्या जाळ्यांत अडकून त्यांचा श्वास कोंडला होता.

तिसरा धनी मनुष्यच आहे. नोच्चिकुप्पम, नडुकुप्पम, अयोध्याकुप्पम ही मरीनालगतच्या कोळी वस्त्यांची नावे. तमिळमध्ये बांधलेल्या लाकडांना कट्टुमरम् म्हणतात. इंग्रजीने हाच शब्द उचलून जगभर नेला. या लोकांची होडी वाळूवर विसावते, जाळे वाळूवर सुकते, मासळी वाळूच्या काठी विकली जाते. त्यांचा मुक्काम हौसेचा नाही, पोटाचा आहे. १९९१ पासून किनारपट्टीच्या नियमनाचा कायदा भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या जमिनीवर लक्ष ठेवतो. तरीही किनारा कोणाचा, हा वाद मिटलेला नाही. २०२३ साली येथील रस्त्याकाठची मासळीची दुकाने अतिक्रमण ठरवून हटविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा कोळी समाज रस्त्यावर आला. पुढे २०२४ मध्ये नोच्चिकुप्पम येथे त्यांच्यासाठी नवा बाजार उघडण्यात आला.

या वाळूवर शहराने कधी खरोखर मुक्काम केलाच नाही, असेही नाही. २०१७ च्या जानेवारीत जल्लीकट्टूवरील बंदीविरुद्ध हजारो तरुण मरीनावर जमले आणि आठवडाभर तेथेच राहिले. रात्री ते वाळूवर झोपत, आणि दिवसा केरकचरा स्वतः गोळा करीत. इतका मोठा समुदाय इतक्या शिस्तीने राहिला याचे देशभर कौतुक झाले. परंतु २३ जानेवारीस पोलिसांनी किनारा रिकामा करविला आणि त्या दिवशीच्या धुमश्चक्रीत नडुकुप्पमचा मासळीबाजार जळाला. मुक्कामास आलेले आपापल्या घरी परतले. ज्यांचे घर किनाराच होता त्यांना परतण्यास दुसरी जागा नव्हती. पुढच्याच वर्षी मरीनावरील आंदोलनाचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि खंडपीठाने अखेर मनाईच्या बाजूने निर्णय दिला.

यावरून सार्वजनिक किनाऱ्यावर कोणी रात्र काढूच नये, असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. समुद्राच्या आवाजात झोप लागणे हे मोठे सुख आहे आणि ते पैसेवाल्यांच्या हॉटेलांपुरतेच राहावे हे बरे नव्हे. मात्र त्या सुखास काही मर्यादा पाळाव्या लागतात. मनाई असेल तेथे तंबू न ठोकणे, परवानगी मिळेल तेथे भरतीरेषेच्या वर पण कासवांची वाट सोडून राहणे, उजेड व शेकोटी टाळणे, होड्या व जाळी यांना हात न लावणे, आणि निघताना वाळू होती तशी ठेवणे, एवढे तरी प्रत्येकास जमण्यासारखे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने याहून चांगला मार्ग दाखविला आहे. तेथे कासवांची पिल्ले पाहण्यास येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि पहाटे व संध्याकाळी किनाऱ्यावर जातात. त्यामुळे गावाला चार पैसे मिळतात आणि रात्रीचा किनारा कासवांसाठी मोकळा राहतो.

जे एकाच्या मालकीचे असते त्याची राखण तो एकटा करतो. जे सर्वांचे असते त्याची राखण येणाऱ्या प्रत्येकाने करावयाची असते, कारण तेथे प्रत्येकजण पाहुणाच असतो. वारीतील जाणता वारकरी मुक्कामाची जागा सकाळी झाडून मगच पुढे निघतो. समुद्रकाठी तंबू घेऊन जाणाऱ्याने त्याच्यापासून एवढे शिकले तरी पुरे आहे.