दहा कोयत्यांची टोळी

मुकादम सांगतो, "यंदा दहा कोयते आणलेत." ऐकणारा बागाईतदार मनात वीस माणसं मोजतो. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कुणी एकटाच आला तर तो 'अर्धा कोयता'. तेव्हा मोडकं हत्यार कुणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही.

हत्याराचं नाव घ्यायचं आणि ते चालवणाऱ्या हातांपर्यंत पोचायचं, ही वाट जुनी आहे. आपल्या काव्यशास्त्रानं तिला लक्षणा म्हटलं. अकराव्या शतकातल्या मम्मटानं तर भालाईतांना नुसतं 'भाले' म्हणण्याचंच उदाहरण दिलं आहे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 साली याच गोष्टीकडे मनाच्या बाजूनं पाहिलं. त्यांच्या मते हा शब्दांचा दागिना नाही, रोजच्या विचाराची रीत आहे. रूपकात एक गोष्ट दुसऱ्याच गोष्टीच्या नजरेनं पाहायची असते. कोयत्यासारख्या उदाहरणात मात्र नातं खरोखरचं असतं, एकाच अनुभवातलं. त्यातला ठळक भाग धरला की मन उरलेल्यापर्यंत आपोआप जातं.

नगर जिल्ह्यात ही रीत पावलोपावली दिसते. लोणीला 1950 साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि 'प्रवरा' हे नदीचं नाव कारखान्याचंही झालं. मुळा नदीचंही तसंच: "मुळानं काय भाव दिला?" असं विचारणाऱ्याला कुणी नदीकाठी धाडत नाही. 'धुराडी पेटली' एवढं वाचलं की गाळप सुरू झालं हे कळतं.

पण कोणता भाग धरला, यावर काय दिसेल आणि काय झाकलं जाईल हेही ठरतं. मला कोयत्याचं महत्त्व वाटतं ते इथे. पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू गावांतून निघालेल्या जोडीतली बाई पहाटे कोपीत भाकरी थापते, मग फडात येते. ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीत भरायची. मजुरी मात्र टनावर, उचल कोयत्यावर, आणि मुकादमाचा व्यवहार बहुतेक वेळा नवऱ्याशी. दोन माणसांचं एक हत्यार झालं की हिशेब सोपा होतो, आणि त्या सोपेपणात तिचा वाटा वेगळा दिसतच नाही. 'अर्धा कोयता' हा शब्द आहे, पण तो एकट्या आलेल्या मजुरासाठी. जोडीतल्या बाईच्या मजुरीबद्दल बोलताना तो मी कधी ऐकलेला नाही.